पाठीवर मारा, पण पोटावर मारू नका

ही म्हण ज्याला पहिल्यांदा सुचली, त्याच्या मणक्याचं ऑपरेशन नक्की झालेलं असणार, असं माझं ठाम मत आहे. पाठीवर जे काय मारायचं ते सर्जन तास-दोन तासांत मारून मोकळा होतो. आपण तेव्हा पालथे आणि बेशुद्ध असतो, त्यामुळे तक्रारीला जागा नसते. पोटावरचा मार मात्र पुढे दोन-तीन आठवडे चालतो. दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, ग्लासभर पाण्याबरोबर.

'गादी सरकली' हा शब्दप्रयोग पूर्वी संस्थानिकांच्या बाबतीत होत असे. आता तो कुणाच्याही बाबतीत होतो. दोन मणक्यांमधली ही सरकणारी गादी बहुधा कमरेतली शेवटची किंवा तिच्या वरची असते, म्हणजे रिपोर्टात एल-फाइव्ह एस-वन नाहीतर एल-फोर एल-फाइव्ह. घरात हे आकडे इतक्यांदा उच्चारले जातात की नव्या पाहुण्याला ते बसचे नंबर वाटावेत. नसेवर दाबणारा सरकलेला तुकडा काढला की पायाची कळ थांबते, हे बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. पुढे १९७७ मध्ये यासरगिल आणि कास्पार यांनी सूक्ष्मदर्शक लावून तेच काम लहानशा छेदातून करण्याची रीत दाखवली. आता योगायोग बघा. ट्रामाडॉल हे वेदनाशामक जर्मनीत बाजारात आलं तेही १९७७ सालीच. पाठीवर मारायची नवी तऱ्हा आणि पोटावर मारायचं औषध, दोन्ही एकाच वर्षाची अपत्यं.

पहिला दिवस फसवा असतो. टाके घालताना जखमेत भुलीचं औषध सोडलेलं असतं, सलाइनमधून आणखी काही चालू असतं, त्यामुळे पेशंट 'मला काहीच दुखत नाही' असं सगळ्यांना फोनवर सांगून ठेवतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भूल पूर्ण उतरते आणि सांगितलेलं सगळं परत घ्यावं लागतं. छेद इंचभराचा असला तरी आत स्नायू बाजूला सारलेले असतात आणि ते त्याचा हिशेब मागतात. सिस्टर विचारते, "दहापैकी किती दुखतंय?" मराठी माणसाला ही पद्धत मानवत नाही. तो हातचं राखून मार्क देतो, किंवा नुसतं "बरंय" म्हणतो. हा आकडा सहनशक्तीच्या स्पर्धेचा नाही. कूस बदलता येते का, खोकता येतं का, संडासापर्यंत चालता येतं का, हे त्यातून ठरवायचं असतं. 'अगदी असह्य झालं की घेऊ' म्हणून गोळी उशाशी ठेवणारे शूरवीर इथेच हरतात. गोळीला काम सुरू करायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि वर चढलेली कळ खाली आणायला जास्त औषध लागतं. सुरुवातीचे दिवस घड्याळ लावून गोळी घ्यावी. चालायचं असेल तर गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने उठावं.

मग घरी येते ती औषधांची पिशवी. हिच्यात डोकं घालणं भाग आहे, कारण आतल्या प्रत्येक गोळीला सांभाळायला दुसरी एक गोळी नेमलेली असते. सरकारी खात्यासारखंच. एसिक्लोफेनॅक सूज उतरवतं आणि पित्त चढवतं. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल, ते नाश्त्याआधी अर्धा तास, नाश्त्याबरोबर नव्हे. मणके स्क्रूने जोडले असतील तर हाड जुळून येईपर्यंत काही सर्जन एसिक्लोफेनॅकच्या जातीच्या गोळ्या टाळतात. तेव्हा जुन्या डब्यातली कंबरदुखीची पट्टी आपल्या मनाने उघडू नये. ट्रामाडॉल कळ बोथट करतं आणि मळमळ, घाम, कोरडं तोंड, गरगर बरोबर आणतं. मळमळीसाठी ऑन्डान्सेट्रॉन. त्याने मळमळ थांबते आणि पोटही थांबतं. ते थांबलेलं पोट हलवायला आणखी एक बाटली. मानसिक ताणाच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर ट्रामाडॉलशी त्यांचं जमत नाही. ही गोष्ट भूलतज्ज्ञाला सांगितली असेल म्हणून सर्जनला माहीत असेलच, असं धरून चालू नये. एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय. त्यामुळे 'मागच्या वेळी दिलं होतं ना' म्हटल्यावर मेडिकलवाला आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, ती मनाला लावून घ्यायची नाही. चिठ्ठी न्यायची.

या पिशवीतला खरा चोर पॅरासिटामॉल आहे. साधाभोळा म्हणून तो प्रत्येक गोळीत शिरतो. हिशेब करून बघा. ट्रामाडॉलच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन, झाले ९७५. एसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत पुन्हा ३२५, दोन वेळा, ६५०. शिवाय सुटी ६५०ची गोळी तीनदा, १९५०. एकूण ३५७५. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम. वय झालेलं असेल, वजन कमी असेल, यकृत बरं नसेल किंवा रोजची 'बैठक' असेल तर मर्यादा त्याहून खाली. एवढ्यात शेजारच्या काकू सर्दीची गोळी घेऊन येतात. तीत ५००. झाले ४०७५, आणि कुणी काही चूक केल्याचं कुणालाच कळत नाही. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचून घ्यायला घरातला चांगल्या डोळ्यांचा माणूस बसवावा आणि तीच बेरीज डॉक्टरांपुढे ठेवावी.

रात्रीची गोळी बहुधा प्रेगाबालिन, ७५ मिलिग्रॅम. ही नसेची. कळ गेल्यावरही तळपायाला मुंग्या आणि बधिरपणा राहतो, कारण दबलेली नस सावकाश सावरते. तुटलेले मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, यावरून त्या खात्याचा वेग लक्षात यावा. प्रेगाबालिनने सकाळी आपलं डोकं दुसऱ्या कुणाच्या तरी धडावर बसवलंय असं वाटतं, पाय सुजतात, भूक वाढते आणि वजनही. रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिट-दोन मिनिटं बसून मगच उभं राहावं. नव्या मणक्यानिशी मोरीच्या उंबऱ्यावर आपटण्याला हीच गोळी मदत करते. आणि ती एका दिवसात बंद करायची नसते, उतरत्या मात्रेने सोडायची असते.

नसेची सूज उतरवायला डेक्सामेथासोन दिलं असेल तर झोप उडते, साखर चढते आणि काहींना उचकी लागते. उचकी म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आपलं शास्त्र. पण टाक्यांवर उचकी लागली की आठवण काढणाऱ्याबद्दल वाईट शब्द तोंडात येतात. फार वेळ थांबली नाही तर नातेवाइकांची नावं घेत बसू नये, डॉक्टरांना फोन करावा.

आता मुख्य विषय. एरवी ज्यावर घरात कुजबुजीने बोलतात, तो इथे चर्चेचा विषय होतो. सकाळी सिस्टर विचारते, "पोट साफ झालं का?" मग मावशी विचारतात. मग राउंडला आलेले डॉक्टर पाच विद्यार्थ्यांसमोर विचारतात. घरी आल्यावर सासूबाई विचारतात आणि संध्याकाळी नागपूरहून आतेभावाचा फोन येतो तोही त्यासाठीच. याचं कारण असं की ट्रामाडॉलसारखी औषधं मेंदूतल्या ज्या कुलपांना लागतात, तीच कुलपं आतड्यातही असतात. ती बंद झाली की आतडं पुढे ढकलायचं थांबतं, आतलं पाणी शोषलं जातं आणि माल घट्ट होतो. मळमळ आणि गुंगी चार-सहा दिवसांत अंगवळणी पडते. बद्धकोष्ठ मात्र अंगवळणी पडत नाही. गोळी चालू आहे तोवर ते चालू. म्हणून रेचक पाचव्या दिवशी रडकुंडीला आल्यावर नाही, पहिल्या गोळीबरोबरच डॉक्टरांना विचारून सुरू करायचं.

इथे घरातलं पहिलं शहाणपण म्हणजे इसबगोल. नेहमीच्या कुरकुरीला तो उत्तम, पण ज्या आतड्याने ढकलायचंच सोडलंय त्यात तो नुसता फुगून बसतो, आणि वर पाणी कमी पडलं तर बूच. लॅक्टुलोज बरं. पंधरा ते तीस मिलिलिटर, गोड पाकासारखं, मात्र त्याला एक-दोन दिवस लागतात आणि मधल्या काळात पोटात बँडपथक वाजतं. घाई असेल तर बिसाकोडिलची गोळी रात्री, ती सहा ते बारा तासांनी, म्हणजे सकाळी, काम करते. पण आपल्याकडे रेचक म्हटलं की आजी कोमट दूध-तूप घेऊन उभी! बिसाकोडिल दुधाबरोबर घेतलं तर गोळीवरचं कवच आतड्याऐवजी जठरातच विरघळतं आणि पोटात मुरडा येतो. दूध-तूप घ्यायचंच तर गोळीत आणि त्यात एक-दोन तासांचं अंतर ठेवा. गुदद्वारात ठेवायची कांडी पंधरा मिनिटांपासून तासाभरात केव्हाही बोलावते, आणि या दिवसांत पलंगापासून संडासापर्यंत पोहोचायलाच किती मिनिटं लागतात ते आधी मोजून ठेवलेलं बरं. काळे मनुके, अंजीर, पपई यांना माझी हरकत नाही. एरंडेलाला आहे. तीन दिवस काहीच नाही तर फोन, आणि पोट फुगून उलट्या सुरू झाल्या तर फोनही नाही, थेट हॉस्पिटल.

त्यातही भूमितीची अडचण आहे. उकिडवं बसायला मनाई, म्हणून देशी संडास बाद. कमोड बुटका असेल तर उठताना कमर वाकते, म्हणून त्यावर चार-सहा इंचांची उंच बैठक बसवतात. बैठक बसवली की पाय लोंबकळतात आणि अधांतरी पायांनी कुणालाच जोर लावता येत नाही. यावर देवघरातला जुना पाट उपयोगी पडतो. तळवे टेकतील इतकाच उंच हवा, गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. आणि जोर लावायचा नाहीच. तोंडाने सावकाश श्वास सोडत बसायचं. पेपर नेऊ नये. अग्रलेख वाचेपर्यंत कमोडवर बसणं पाठीला परवडत नाही. बसायची मुदत सुरुवातीला एका वेळी वीस-तीस मिनिटं, ती जेवायला जपून ठेवा.

पाठीचं म्हणाल तर तिचे नियम तीनच: वाकायचं नाही, पिळायचं नाही, उचलायचं नाही. उठायचं ते ओंडक्यासारखं. गुडघे दुमडा, खांदे-कंबर-गुडघे एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडता सोडता कोपराने आणि तळहाताने धड वर रेटा. यात सगळ्यात धोकादायक माणूस म्हणजे प्रेमाने "द्या हात" म्हणत एका हाताला धरून ओढणारा. कंबर नेमकी तेव्हाच पिळली जाते. शिंक आली तर वाकून नाही, उभं राहून, भिंतीला हात टेकून. खाली पडलेल्या वस्तूसाठी परदेशी चिमटे मिळतात. आपल्या फ्लॅटमध्ये उंच दोरीवर कपडे वाळत घालायची काठी असते, टॉवेल आणि लुंगी तिने झकास उचलता येते. चष्मा नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. एक जण कंबरपट्टा बघून 'पोटही आत जाईल' म्हणतो. जात नाही. पट्टा सुती बनियनवर, उठण्या-चालण्यापुरता, डॉक्टरांनी सांगितला असेल तरच. दुसरा तिळाचं तेल चोळायला बसतो. टाके निघेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, आणि जखम पूर्ण भरेपर्यंत तेल, शेक, गरम पिशवी काही नाही. बधिर भागाला चटका बसला तरी कळत नाही. बर्फ चालतो, फडक्यात गुंडाळून, पंधरा मिनिटं. तिसरी डिंकाचे लाडू आणते, कारण डिंक कमरेला चांगला. प्रेगाबालिनने वखवखलेल्या माणसासमोर अख्खा डबा ठेवणं हा गुन्हा धरायला हवा. या गर्दीत खरी धोक्याची लक्षणं 'होतं असं' म्हणून उडवून लावली जातात. लघवी अडणं किंवा कळत नकळत होणं, मांड्यांमधली बैठकीची जागा बधिर होणं, पाऊल एकाएकी उचलेनासं होणं, ही दिसली तर त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. ताप शंभरच्या वर चढला, जखमेतून पाणी आलं, एक पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी.

दोन-तीन आठवड्यांत ट्रामाडॉल कमी होत होत सुटतं. चालणं दहा मिनिटांवरून अर्ध्या तासावर येतं, रिक्षावाल्याला "दादा, खड्डा बघून" एवढंच सांगावं लागतं. आनंदाच्या भरात एक गोष्ट सगळे विसरतात. पोट बंद करणारी गोळी थांबली, पण उघडणारी बाटली चालूच आहे. लॅक्टुलोज रात्री ठरल्याप्रमाणे तीस मिलिलिटर, वर आजीचे अंजीर. दोन दिवसांत पारडं पलटतं आणि पलंग ते संडास हे अंतर पुन्हा मोजावं लागतं. बाटली बंद करून दोन दिवस ताक-भात खाल्ला तर एवढ्यावर भागतं. पण घरातलं कुणीतरी तोवर मेडिकलमध्ये धावलेलं असतं, आणि मेडिकलवाला काउंटरवर ठेवतो जुलाबावरचं लोपेरामाइड, मेंदूपर्यंत न पोहोचता आतड्यातली तीच कुलपं बंद करणारं, ट्रामाडॉलचं सख्खं नाही तरी चुलत भावंड.