हवा नसलेली स्टेपनी

माझ्या गाडीच्या स्टेपनीत हवा नसते, हे मला इंदूर-धुळे रस्त्यावर मानपूरच्या पुढे, भेरूघाटाच्या अलीकडे, भर पावसात आणि आत्यासमोर कळलं.

नसते म्हणजे निघून गेलेली नव्हे. कंपनीने मुळात भरलेलीच नव्हती. घडी घातलेला टायर! रिमवर सुरकुत्या पडलेला, आत चेपून बसलेला. जागा वाचते म्हणे. लागेल तेव्हा रस्त्यात उभं राहून तुमची तुम्ही हवा भरायची, त्यासाठी डिक्कीत एक इवलासा कॉम्प्रेसर दिलाय. आत्याने छत्री धरून एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हा पिळून वाळत घातल्यासारखा का दिसतोय रे?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

गाडी २००९ ची, दांडगी जर्मन एसयूव्ही, सेकंडहँड. इंदूरमध्येच घेतली, नव्या छोट्या गाडीच्या भावात. चूक माझीही आहेच. घेताना डिक्कीतला गालिचा उचलला, खाली चाक दिसलं, समाधानाने गालिचा परत टाकला. मेथीची जुडी आपण यापेक्षा नीट उलटून-पालटून बघतो.

निघालो होतो धुळ्याला, चुलतभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला. डिक्कीत मिठाईचे डबे, सराफ्यातून घेतलेला चांदीचा करंडा, साड्यांच्या पिशव्या आणि चार किलो शेव, कारण इंदूरहून रिकाम्या हाताने गेलं तर लोक तोंडावर बोलतात. दगड लागून टायर बाजूने फाटला. कडेला फाटलेल्या टायरला पंक्चरची वादी (भोकात खुपसायची रबरी पट्टी) चालत नाही आणि टायरमध्ये फेस सोडून भोक बुजवायचं ते किटही चालत नाही. म्हणून सगळं सामान काढून मागच्या सीटवर, आत्याच्या मांडीवर, आणि मग गालिच्याखालून हे रत्न बाहेर.

आता ऐका. जॅक लावला तो काळ्या मातीत बसला. माळव्याची माती पावसात काय करते ते इथल्याला सांगायला नको. एका ट्रकवाल्याने स्वतः उतरून लाकडी ठोकळा दिला, त्या माणसाचं भलं होवो. पुढे या जर्मन गाड्यांची आणखी एक तऱ्हा: हबवर, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, आपल्या नेहमीच्या गाड्यांसारखे स्टड (बाहेर आलेले आट्यांचे खुंट) नसतात की चाक त्यात अडकवलं आणि नट आवळले. इथे सुटे बोल्ट. म्हणजे चाक हाताने उचलून धरायचं, भोकासमोर भोक आणायचं आणि तिसऱ्या हाताने बोल्ट घालायचा. तिसरा हात कंपनी देत नाही.

बरं, बसवलं. तरी गाडी खाली घ्यायची नाही! चेपलेल्या टायरवर गाडीचं वजन आलं की तो गेलाच. जॅकवरच ठेवून आधी हवा भरायची. कॉम्प्रेसर लायटरच्या सॉकेटला लावला, मिनिटभर घरघरला आणि फ्यूज उडाला. मागच्या सॉकेटचा फ्यूज काढून पुढे घातला, इंजिन चालू ठेवलं, परत लावला. साध्या टायरला तीस-पस्तीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतात, याला पन्नासच्या वर लागतात. तो खेळण्यातला कॉम्प्रेसर एवढी हवा भरेपर्यंत तापून चटका द्यायला लागला, म्हणून मध्ये थांबा, गार होऊ द्या, परत सुरू करा. आणि प्रत्येक घडी उलगडताना टायर असा तडतडायचा की मी दोन पावलं मागे सरायचो. तडतडणारच. टायरच्या कडेवर तारखेचे चार आकडे वाचले, २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. इतकी वर्षं दुमडून पडलेलं रबर, घडीघडीला बारीक भेगा.

स्टेपनी हा शब्द कुठून आला माहितीये? वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी ती विकायला काढली, आणि त्यांच्या रिमवर हवा भरलेला टायर असायचा. भरलेला! एकशे वीस वर्षांपूर्वी, खडखडत्या मोटारींच्या जमान्यात, दोन भावांना जे समजलं ते इतक्या इंजिनिअरांना समजू नये?

खरा तमाशा पुढेच होता. फाटलेलं चाक ठेवायचं कुठे? स्टेपनीचा खड्डा घडी घातलेल्या टायरच्या मापाचा. आपलं मूळ चाक रुंद, ते तिथे मावतच नाही! म्हणजे जागा वाचली ती फक्त पंक्चर होईपर्यंत. शेवटी चिखलाने लडबडलेलं चाक डिक्कीत आडवं, आणि करंडा, साड्या, शेव धुळ्यापर्यंत आत्याच्या मांडीवर. त्यात या टायरवर ताशी ८० च्या वर जायचं नाही. सेंधव्याच्या पुढे टेम्पो हॉर्न वाजवत मागे टाकून जात होते. अंगठी घालून झाली, फोटो झाले, जेवणाची दुसरी पंगत उठली, तेव्हा आम्ही पोचलो.

परत येऊन नवा टायर टाकला आणि घडीवाला घडी करून ठेवायला घेतला. व्हॉल्व्हची पिन काढली, फुस्स करून हवा गेली. आता म्हणे काही तासांत आपोआप पूर्ववत चेपतो. चार दिवस झाले. एक बाजू आत गेली, दुसरी फुगलेलीच. मी त्यावर बसून पाहिलं, मुलगा उड्या मारून दमला. इंदूरच्या सियागंज बाजारात दाखवला तर दुकानदाराने उलटा-सुलटा करून विचारलं, "भिया, ये ट्यूब है कि टायर?" नवा मिळेल का म्हणून शोरूमला फोन केला. मागवावा लागेल म्हणाले, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला.

नवीन गाडी घे, असं सांगणारे भेटतातच. घेतो की! २०२० मध्ये सरकारने नियम बदलला: टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्तीच नाही. म्हणजे मी चेपलेल्या स्टेपनीवर चिडतोय तोवर तिकडे नुसता खड्डाच शिल्लक. आणि घाटात टायर कडेने फाटला की किट हातात घेऊन आरती करायची.

टायर सध्या जिन्याखाली आहे. पुढच्या महिन्यात त्याच मुलीचं लग्न, धुळ्यालाच. आत्याने आधीच निरोप पाठवलाय की ती बसने जाणार आहे, आणि या वेळी शेव मी माझ्या मांडीवर न्यावी.