अजून चालतोय की!

सांगलीत घरातला कॉम्प्युटर बदलायचा विषय काढला की समोरून एकच उत्तर येतं, "अजून चालतोय की!" ते खोटंही नसतं. बटण दाबून आंघोळीला जायचं, देवपूजा उरकायची, चहा घ्यायचा, तोवर पडद्यावर चिन्हं उमटायला लागतात. दर खंडेनवमीला त्याला हळद-कुंकू वाहिलेलं असतं. २०१९च्या पुरात गावभागात तो फ्रीजच्या आधी माडीवर गेलेला असतो. त्याला म्हातारा म्हणायची छाती कुणाची होणार?

ती मायक्रोसॉफ्टनं केली. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला आणि घरोघरी विंडोज ११ची चौकशी सुरू झाली. ११च्या अटी कागदावर साध्या दिसतात : ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत), सिक्युअर बूट (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा सोय). खरी गोम प्रोसेसरच्या यादीत आहे. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, एएमडी असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा. पिढी ओळखायला मेकॅनिक लागत नाही. 'माय कॉम्प्युटर'वर (विंडोज १०मध्ये 'धिस पीसी') उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि आय-थ्री किंवा आय-फाइव्हच्या पुढचा आकडा वाचायचा. चार आकड्यांतला पहिला म्हणजे पिढी. ३४७० तिसरी, ७४०० सातवी, ८४०० आठवी. आपल्याकडे कित्येक वर्षं आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा कायदा होता. इथं सातवीपर्यंत जवळजवळ सरसकट नापास. सहावी-सातवीच्या बऱ्याच मशीनमध्ये टीपीएम २.० असतं, नुसतं बायॉसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) पीटीटी नावानं बंद करून ठेवलेलं. ते चालू केलं की मायक्रोसॉफ्टच्या तपासणीत बाकीच्या सगळ्या रकान्यांत हिरवी खूण येते आणि प्रोसेसरपाशी तांबडी फुली तशीच राहते. हा माझ्या मते सरळसरळ अन्याय आहे, पण दाद मागायला खिडकी नाही.

तरी पैसे खर्च करायच्या आधी आजार कुठं आहे ते बघावं. टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा. डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसत असेल आणि प्रोसेसर निवांत बसला असेल, तर दोष विंडोजचाही नाही आणि वयाचाही नाही, फिरत्या हार्ड डिस्कचा आहे. तिचा काटा एका जागेवरून दुसरीकडे जायला दहाएक मिलिसेकंद घेतो. एसएसडीला, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळ लागतो. विंडोज चालू होताना हजारो बारक्या फायली वाचायच्या असतात, तेव्हा हा हिशेब आंघोळीपर्यंत पोचतो.

म्हणून पहिली खरेदी एकच : २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कसारख्याच वायरीनं जोडायची), आणि सोबत एक साटा केबल, कारण ती एसएसडीच्या खोक्यात येत नाही. दुकानदार "एनव्हीएमई घ्या, लई फास्ट" म्हणेल. हो म्हणू नका. ती थेट बोर्डावर बसणारी एसएसडी, आणि एच६१, एच८१ असल्या जुन्या मदरबोर्डांवर ती बसवायला खाचच नसते. एच६१वर साटाचा जुना, निम्म्या वेगाचा मार्ग असतो हे खरं, पण फरक कळायला तेवढा पुरे होतो. कॉम्प्युटरच्या डब्यात अडीच इंचाची जागा नसली तर दुहेरी चिकटपट्टीनं चिकटवा. आत फिरणारं काही नसल्यामुळं ती कुरकुर करत नाही. मग बायॉसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना 'आयडीई' आहे की नवा 'एएचसीआय' ते बघा. विंडोज टाकायच्या आधी एएचसीआय करावं. टाकून झाल्यावर बदललं तर निळा पडदा येतो, आणि घरातली सगळी माणसं एसएसडीकडं संशयानं बघायला लागतात.

रॅमचं थोडक्यात. तिसऱ्या-चौथ्या पिढीला डीडीआर३, सहावी-सातवीला बहुधा डीडीआर४. दोघांची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळं बसत नसेल तर जोर लावायचा नाही. शेजाऱ्याकडची जादा पट्टी 'बसतीय का बघू' म्हणून आणली जाते, ती नेमकी लॅपटॉपची निघते. एकूण ८ जीबी पुरे. नवी पट्टी घातल्यावर मशीन नुसतं बीप बीप करत असेल तर घाबरू नका; वायर काढून पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं पुसा आणि दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक' वाजेपर्यंत दाबा.

डबा उघडलाच आहे तर पंख्याकडं बघा. दसऱ्यानंतरची फुलं, भडंगातला कढीपत्ता आणि जाळीवरची हळद यांनी उष्णतावाहक पत्र्याच्या फटी लिंपलेल्या असतात. सांगलीकराला प्रोसेसरचं तापमान समजावणं मात्र सोपं आहे, आयर्विन पुलाखालच्या कृष्णेची पातळी वाचायची सवय लहानपणापासून असते. काम करताना साठ-सत्तर अंश म्हणजे पाणी पात्रात. ऐंशी ओलांडली की चाळीस फूट, इशारा. नव्वदच्या वर पंचेचाळीस फूट, धोका. आणि शंभराच्या आसपास प्रोसेसर स्वतःच काम कमी करून स्थलांतर सुरू करतो. ब्रशनं धूळ काढा, पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, प्रोसेसर आणि पत्रा यांच्यामधली जुनी वाळलेली पेस्ट पुसून मधोमध नव्या पेस्टचा एक बारका थेंब द्या. थालीपिठासारखं थापायचं नाही.

बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदलून टाका. तो मेला की प्रत्येक वेळी तारीख काही वर्षं मागं जाते, मग बँकेची साइट 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणते आणि शिव्या केबलवाल्याला बसतात.

आता ज्यांचं मशीन आठवी पास आहे त्यांचा घोळ. कित्येक ठिकाणी विंडोज १० एमबीआर या डिस्कचे वाटे नोंदवायच्या जुन्या पद्धतीनं टाकलेलं असतं. सिक्युअर बूटला जीपीटी ही नवी पद्धत लागते. विंडोजमध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाची सोय आहे आणि तिनं डेटा न पुसता रूपांतर होतं, पण डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात आणखी वाटे असलेला वाटा) असेल तर ती नकार देते. आणि आपल्याकडं तर एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे वाटे पाडल्याशिवाय दुकानदार मशीन घरी पाठवायचा नाही! डीमध्ये फोटो, ईमध्ये गाणी, एफमध्ये काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, पण "त्यातलं काही घालवू नका हं." ते सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा, वाटे मोडा, आधी रूपांतर करा आणि मगच बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीनं सुरू व्हायची सोय) बंद करा. क्रम उलटा झाला तर मशीन म्हणतं बूट करायला काहीच नाही. बायॉस अपडेट करायचं असेल तर यूपीएसची बॅटरी जिवंत असल्याची खात्री करून घ्या, आणि वळवाच्या दिवसांत संध्याकाळी तर त्याला हातच लावू नका.

नापासांपुढं तीन वाटा आहेत. रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून अटी वगळणारा पेनड्राइव्ह बनवता येतो. विंडोज ११ चालतंही, पण वर्षाचं मोठं अपडेट आपणहून येत नाही, ते दरवेळी हातानं घालावं लागतं. कोअर टू ड्युओ या फार जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण त्याला लागणारी पॉपकाउंट सूचना त्या प्रोसेसरात नाही. ज्या मशीनवर जीएसटी भरला जातो तिथं मी ही वाट सुचवणार नाही. दुसरी वाट, विंडोज १०च ठेवून वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायची. ती मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तिसरी, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही प्रणाली, तीही हलकी एक्सएफसीई आवृत्ती. मिंट २२ला एप्रिल २०२९ पर्यंत पाठिंबा आहे. पेनड्राइव्हवरून काहीही न पुसता चालवून बघता येतं. तेव्हाच वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. टॅली लागत असेल तर मिंटचं नाव घरात काढू नका.

फॉरमॅट मारायच्या आधी सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला फॉन्ट्स फोल्डर आठवणीनं कॉपी करा. जुन्या कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रिका, बायोडाटा, सोसायटीचे ठराव नव्या मशीनवर इंग्रजी अक्षरं आणि अर्धविरामांचा लगदा होऊन उघडतात. फाइल बिघडलेली नसते, नुसता फॉन्ट हवा असतो. तो टाकून, सिलेक्ट ऑल करून तोच फॉन्ट निवडला की मराठी परत येते. मिंटमध्येही हेच फॉन्ट चालतात. जुन्या डीटीपीची डोंगलवाली (मशीनला किल्ली जोडल्याशिवाय न उघडणारी) सॉफ्टवेअर मात्र तिकडं चालायची आशा धरू नका, त्यांच्यासाठी जुनी हार्ड डिस्क काढून, वर नाव लिहून, माडीवर ठेवून द्या.