शेकोटी घमेल्यात पेटवा, वाळूवर नाही

आज सकाळी ग्रुपवर एक फोटो आला. कर्नाटकात दांडेलीला जिथं राफ्टिंगला जातात, ती 'काळी' नावाची नदी, मागं दाट जंगल, पुढं वाळूवर शेकोटीचा काळा डाग. त्यात अर्धवट जळलेले चंदेरी द्रोण आणि चेपलेल्या बाटल्या. खाली 'नाद खुळा'ची रांग. डोकंच फिरलं. कसला नाद खुळा, भावांनो?

द्रोणाचा कागद जळतो, वरचा चंदेरी पापुद्रा आकसून वाळूतच राहतो. कोळसाही वर्षानुवर्षं कुजत नाही. वर सुपा धरणातून विजेसाठी पाणी सोडलं की पातळी चढते, काठ बुडतो आणि हा सगळा ऐवज खाली वाहत जातो. खाली पाणमांजरं आहेत, मगरी आहेत. त्यांनी कुणाला बोलावलं नव्हतं.

तिथली राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, चालवणारी पोरं कसलेली असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. निघण्याआधी लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघतात. ते कानापर्यंत सरकलं तर पट्टे पुन्हा आवळतात. पाण्यात पडलात तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढं, आणि वाहत्या पाण्यात उभं राहू नका, हे बजावतात. दगडाच्या फटीत पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढं लोटतं आणि डोकं खाली दाबतं, म्हणून. हे सगळं दहा मिनिटांत समजावून होतं. मग काठावर कसं राहायचं, हे सांगायला अजून दहा मिनिटं का मिळत नाहीत?

अमेरिकेत ग्रँड कॅन्यन या खोल घळीत कोलोरॅडो नदीवर लीज फेरी ते डायमंड क्रीक हा 226 मैलांचा पट्टा आहे. स्वतःची राफ्ट घेऊन जाणाऱ्यांना परवाना सोडतीनं मिळतो, तुकडीत जास्तीत जास्त 16 माणसं. परत येताना राख, खरकटं आणि माणसांची विष्ठासुद्धा सोबत आणावी लागते. नाकं मुरडू नका. घळीत काठाच्या पट्ट्या मोजक्याच असतात, आज तुम्ही उतरलात तिथंच उद्या दुसरे उतरणार. कोरड्या वाळूत पुरलेलं लवकर कुजत नाही. म्हणून रबरी गॅस्केटच्या झाकणाचा पत्र्याचा डबा नेतात, वर बसायला सीट. मोठा डबा साधारण पन्नास वेळा पुरतो. कागद डब्यातच टाकायचा, लघवी मात्र नाही, कारण तिनं डबा भराभर भरतो, जड होतो. उन्हात आत वायू साठून झाकण फुगतं, म्हणून डबा सावलीत बांधायचा.

राफ्टिंगचा व्यवसाय करणाऱ्यांना हे महाग पडतं, एक माणूस जास्त लागतो. मान्य. पण त्या फोटोतल्या शेकोटीला काय महाग पडलं असतं? एक लोखंडी घमेलं! चार कोरड्या दगडांवर ठेवायचं, आत पेटवायचं. नदीतले ओले दगड घ्यायचे नाहीत, तापले की फुटतात. सकाळी राखेवर पाणी ओतून ढवळायचं, हाताला गार लागली की झाकणाच्या डब्यात भरायची. खाली वाळू होती तशीच राहते.

आपल्या जेवणाचंही तेच. रश्श्याचा कट ताटाला चिकटतो. आधी कागदानं पुसून काढा, मग धुवा. धुण्याचं पाणी सुती फडक्यातून गाळा, गाळ कचऱ्याच्या पिशवीत. साबण नदीत अजिबात नको, 'नैसर्गिक' लिहिलेलाही नको. ते पाणी आणि लघवी, दोन्ही काठापासून साठ-सत्तर मीटर आत, मातीत. निघताना सगळ्यांनी एका रांगेत खाली बघत काठ चालायचा. लिंबाची सालं, शेंगांची टरफलं, पुडीचा फाडलेला कोपरा, हे उभ्यानं दिसत नाही, वाकल्यावर दिसतं.

फोटो टाकणारी पोरं वाईट नाहीत, ठाऊक आहे. पुराच्या वेळी हीच पोरं पंचगंगेच्या पाण्यात उतरून माणसं काढतात. त्यांना कुणी सांगितलंच नसेल. म्हणून रागानं लिहायला घेतलं तरी आता सांगायलाच बसलोय.

डिसेंबरात जाणार असाल तर बुकिंगच्या फोनवरच विचारा: संडासाची सोय काय, शेकोटी कशात, कचरा परत कोण आणतं? उत्तर नीट आलं नाही तर दुसरीकडं फोन करा. आणि पितळ्या घरून न्या, धुऊन परत आणता येतात.