आधी डोळा आणि काचेतलं अंतर बघा

लेखात .३७५ एच अँड एच मॅग्नम काडतुसाच्या रायफलवर ६-२४ चा स्कोप (सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारी नेमाची दुर्बीण) सुचवलाय, ते मला अजिबात पटलं नाही. हे काडतूस १९१२ पासून आफ्रिकेत मोठ्या जनावरांसाठी वापरतात. झुडपात केप बफेलोवर (आफ्रिकी रानम्हशीवर) नेम बहुतेक वेळा पन्नास-साठ मीटरच्या आत धरावा लागतो. इतक्या जवळून सहापट मोठं केलं तरी नुसती काळी कातडी दिसते, खांदा कुठे ते कळत नाही. १-४ किंवा १-६ पुष्कळ झाला. १ वर ठेवला की दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

त्याहून महत्त्वाचं आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा स्कोपच्या काचेपासून जितका लांब ठेवावा लागतो ते अंतर, ज्याचा लेखात उल्लेखच नाही. किमान साडेतीन इंच हवंच, चार असेल तर उत्तम. दक्षिण आफ्रिकेत रेंजवर मी तीन इंचवाला लावून बाकावरून गोळी झाडली, धक्क्यासरशी स्कोपची कड भुवईत घुसली. दोन टाके पडले, चंद्रकोरीसारखा व्रण अजून आहे. बाकावर वाकून बसलं की डोळा नकळत पुढे सरकतो. म्हणून स्कोप बसवताना रिकामी रायफल उभ्याने, डोळे मिटून खांद्याला लावा, मग डोळे उघडून अंतर ठरवा.

आणि रिंगा (स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या कड्या) चटकन निघणाऱ्याच घ्या. काच फुटली तर स्कोप काढून उघड्या साईटवर (रायफलच्या बिनकाचेच्या नेमखुणांवर) नेम धरता आला पाहिजे.