हेडफोन घ्यायला जाताना कान घरी ठेवा

कमी पैशात झकास आवाजाचा हेडफोन हवाय ना? मग बाजारात जाताना कान घरीच ठेवून जा. तिथं त्यांचं काही काम नसतं. गेल्याच आठवड्यात सांगलीत एका काउंटरवर "जरा लावून बघू का?" एवढं विचारायचा आगाऊपणा माझ्याकडून झाला. उत्तर आलं, "सील फोडलं की घ्यावंच लागंल, दादा." बरोबरच आहे. ऐकायची वस्तू ऐकून घ्यायची म्हणजे काय! तेव्हापासून ही जनसेवा हाती घेतली आहे.

तर डबा वाचा. '२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ' असं छापलेलं असलं की डोळे झाकून पैसे मोजा. माणसाच्या कानाची झेपच साधारण तेवढी, म्हणून दोनशेच्या डब्यावर आणि वीस हजारांच्या डब्यावर हेच आकडे सापडतात. त्या पट्ट्यात कुठं किती डेसिबलचा उंचवटा आणि कुठं खड्डा, ते बहुतेक छापत नाहीत. तुम्हीही विचारू नका. रस्ता सांगलीतून मिरजेला जातो ना? झालं तर मग, मधले खड्डे कशाला मोजायचे?

ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा इवलासा स्पीकर, मोठा बघा. पातेलं मोठं तेवढी आमटी चवदार.

ब्लूटूथ ५.३ असेल तर पेढे वाटा. त्या आकड्याचा सुराशी संबंध नाही, पण आकडा मोठा आहे. आणि फोन आला, माइक सुरू झाला की गाणं आणि माणूस दोन्ही पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे का वाटतात, हे कुणाला विचारू नका. बोलण्यासाठी ब्लूटूथ वेगळ्या, हलक्या दर्जाच्या मार्गावर जातं, तेही एकाच चॅनेलवर. लॅपटॉपवर मीटिंग चालू असताना तर हमखास. माइक लॅपटॉपचाच निवडला की आवाज परत येतो, पण तुम्ही हेडफोनच बदला.

ऑनलाइन घेताना पाच तारे बघा. त्याखाली 'पॅकिंग छान, अजून वापरला नाही' असं लिहिलेलं असतं.

बेस भरपूर हवाच. एखाद्या दुकानात डेमो पीस असतो, त्यावर डीजेचं गाणं लावून देतात, आवाज फुल, वर "बेस बघा, नाद खुळा!" दोन हेडफोनमधला ज्याचा आवाज जरासा मोठा, तोच कानाला चांगला वाटतो. ही कानाची जुनी खोड आहे आणि काउंटरवरच्या पोराला ती तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. त्यामुळे दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकू नका. आणि चुकूनही तानपुरा लावू नका. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत कारागीर तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानशीनं घासतात, तारेखालचं सूत केसभर पुढं-मागं सरकवतात, तेव्हा कुठं जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा भरीव नाद, लागते. त्या तानपुऱ्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग निम्म्या आवाजात ऐकलं, तर चांगल्या हेडफोनमध्ये खर्जाच्या तारेतून वरचे स्वर एकामागून एक उलगडत जाताना वेगळे ऐकू येतात. बेस फुगवलेल्या हेडफोनमध्ये भोपळ्यात भुंगा कोंडल्यासारखं होतं. खालचा फुगवटा २००-३०० हर्ट्झपर्यंत चढला की वरचं सगळं झाकून टाकतो, गाणारा गोधडीतून गायला लागतो. दोन मिनिटांत सोंग उघडं पडतं. म्हणून म्हटलं, लावू नका.

आता नॉइज कॅन्सलेशन. डब्यावर ठळक अक्षरात 'ईएनसी' दिसलं की लगेच घ्या आणि पुण्याच्या एसटीत बसा. इंजिनाची घरघर तुमच्या कानात जशीच्या तशी येईल. पलीकडं फोन धरलेल्या मेव्हण्याला मात्र ती ऐकू येणार नाही. कारण ईएनसी तुमच्या माइकमधला गोंगाट गाळतं, तुमच्या कानातला नाही. पैसे तुम्ही भरायचे आणि शांतता मेव्हण्याला. कानातला गोंगाट कमी करतं ते एएनसी: बाहेरच्या माइकनं आवाज टिपायचा, त्याची उलटी लहर तयार करायची आणि आत सोडायची. तेही चालतं ते इंजिन, पंखा असल्या एकसुरी खालच्या आवाजावर. मागच्या सीटवरची भाऊबंदकी त्यानं थांबत नाही. हे काउंटरवर विचारा, "एकच हाय ते दोन्ही." एकच कसं असेल? एक तुमच्यासाठी आहे, एक समोरच्यासाठी! एका अक्षराचा घोळ ठेवायचा, खाली 'नॉइज कॅन्सलेशन' एवढंच छापायचं, कुणाच्या कानातला नॉइज ते छापायचं नाही, आणि गिऱ्हाईक भांडायला आलं की "सील फोडलंय, परत घेत नाही". अहो, सील फोडल्याशिवाय कळणार कसं? आणि पंधराशेच्या वस्तूत खरंच एएनसी असलं, तरी जादा माइक, चिप, बॅटरी यांचा खर्च त्याच पंधराशेतून निघालेला असतो. आवाजाच्या वाट्याला काय उरलं असेल, हिशेब करा. नाही, करूच नका.

वायरचा तर अजिबात घेऊ नका. लोक काय म्हणतील?

बास झालं. आता सरळच बोलतो.

हळदीच्या सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तुम्ही भाव बोलत नाही. भडंगाचे चार दाणे तोंडात टाकल्याशिवाय पाव किलो बांधून घेत नाही. आणि कानात घालायच्या वस्तूचे दोन हजार मोजताना डबा बघता? मग 'स्वस्तात चांगला आवाज मिळतच नाही' म्हणून कुरकुर करता? मिळतो. हजार ते दोन हजारांत वायरचे, कानात बसणारे इअरफोन घ्या. मूनड्रॉप, केझेड असल्या कंपन्यांचे. तेवढ्याच पैशातून बॅटरी आणि ब्लूटूथ वजा झाले की उरलेलं आवाजात जातं. वायर सुटी होणारी बघा, ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची. तुटते ती बहुतेक वायरच, जॅकपाशी. ती बदलली की काम झालं. ब्लूटूथ बड्समधला इवलासा सेल दोन-तीन वर्षांत बसला की सगळंच कचऱ्यात. १६ ते ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) घ्या, फोनवर चालतो. २५० ओहमचा स्टुडिओवाला फोनला लावून 'आवाज बारीक येतो' म्हणू नका, त्याला अँप्लिफायर लागतो. फोनला गोल भोक नसेल तर सी-टाइप कन्व्हर्टर डीएसी, म्हणजे फोनमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप, असलेला घ्या. बिनडीएसीचा स्वस्त कन्व्हर्टर बऱ्याच फोनांवर मुकाच राहतो. आणि परत घेणाऱ्याकडूनच विकत घ्या, भले पन्नास रुपये जास्त गेले तरी.

आणि त्या डब्यातली सिलिकॉनच्या रबरांची पुडी! कारखान्यातून मधल्या मापाचं रबर बसवून येतं, आणि तुम्ही जन्मभर तेच घालून 'बेस नाही, बेस नाही' करता. रबर आणि कान यांच्यात फट राहिली की पहिला बळी बेसचा जातो, मग हेडफोन लाखाचा असो. पलीकडच्या हातानं कान वर-मागं ओढा, रबर आत सरकवा, कान सोडा. आपलाच आवाज घागरीत बोलल्यासारखा घुमला म्हणजे बसलं. नाही घुमला तर मोठं लावा. दोन कानांना दोन वेगळी मापं लागली तरी लाजू नका, कान कुठं साच्यातून काढलेत! बाहेरचा अर्धा गोंगाटही याच रबरानं अडतो, फुकट, ईएनसी-एएनसी काही न लागता. गेल्या दिवाळीत घेतलेल्या तुमच्या हेडफोनची पुडी अजून कपाटात डब्यात तशीच पडली असेल, न फोडलेली. उठा, आधी ती फोडा.