‘दोष गाडीवाल्याचाच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर आला, आणि सुदामानगरच्या काकांनी तर ‘जरूर वाचणे’ असे वर लिहून मला वेगळा पाठवला. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये वाईट अनुभव येतो तो ग्राहकाच्या अज्ञानामुळे, असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून सहा मुद्दे. वॉरंटीत बाहेरचा हात लागला की वॉरंटी गेली, तेव्हा शोरूम सांगेल ते करून घ्या. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर, म्हणजे वर्कशॉपच्या काउंटरवर गाडी लिहून घेणारा माणूस, सुचवतो ती कामे कंपनीनेच ठरवलेली असतात. जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना कामांची नोंद करतात त्या कागदावर, सही केलीत की बिलावर बोलायचा हक्क संपला. जुने पार्ट मागू नका, ते कंपनीचे. पोरांच्या हातावर शंभर-दोनशे टेकवा, काम चोख होते. आणि तक्रार करून काही होत नाही: डीलर वेगळा, कंपनी वेगळी, वकिलाची फी बिलाहून जास्त.

लिहिणारा कुणी वर्कशॉपवालाच असावा असा मला दाट संशय आहे. पण ते सोडा, मुद्द्यांकडे येऊ.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून तोच सगळ्यांना पटतो. वॉरंटीचे पुस्तक बहुतेकांच्या गाडीत पीयूसीच्या जुन्या कागदांखाली दबलेले असते. ते उघडून पाहा. ठरलेली सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये करा, असे कंपन्या सांगतात. ठीक आहे, वॉरंटीत मीही तेच करतो आणि बिले फाइलला लावतो. पण बाहेर बॅटरी बदलली म्हणून इंजिनाची वॉरंटी गेली, हे कुठून आले? बाहेरच्या कामामुळे जो बिघाड झाला त्याचा क्लेम कंपनी नाकारते, आणि ते रास्तच आहे. कुणी म्युझिक सिस्टीम बसवताना वायरिंग कापून जोडले आणि पुढे शॉर्ट सर्किट झाले, तर कंपनीने का भरावे? मात्र त्या वायरचा आणि सस्पेन्शनच्या आवाजाचा काय संबंध, हे विचारायचे आणि नकार लेखी मागायचा. लेखी म्हटले की पुष्कळदा सूर बदलतो.

मेसेजमध्ये मध्येच एक ओळ आहे की अमेरिकेत याबाबत कायदा आहे, आपल्याकडे काहीच नाही. अमेरिकेतला कायदा १९७५ चा, तो आहेच. पण आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना सहजी मिळू द्यायची नाहीत, म्हणजे गाडीवाला झक मारत अधिकृत वर्कशॉपला येतो, हा त्यांच्यावरचा ठपका. बाहेर काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असेही त्या आदेशात बजावले होते. कंपन्या वरच्या कोर्टांत गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. तेव्हा हा आदेश काउंटरवर आपटला की मॅनेजर चहा मागवेल, अशा भ्रमात राहू नका. पण ‘काहीच नाही’ हे साफ खोटे आहे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केले, आणि त्यात वाहने आहेत.

शिवाय मेसेजवाल्याने सोयीस्करपणे गाळलेली एक गोष्ट. वॉरंटी कंपनी देते, डीलर नव्हे. एका वर्कशॉपशी पटले नाही तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत वर्कशॉपला गाडी न्या. इंदुरात एकाच कंपनीचे दोन-तीन डीलर असतात, आणि देवास-उज्जैन काही फार लांब नाही. वॉरंटीला धक्का लागत नाही. ‘शोरूम सांगेल ते करून घ्या’ याला हे सर्वात सोपे उत्तर आहे, आणि यात भांडणही नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण पैसा इथेच जातो.

माझा मामेभाऊ काही वर्षे विजयनगरकडच्या एका वर्कशॉपात सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होता. त्याचे म्हणणे असे: ऑइल आणि फिल्टर तर प्रत्येक गाडीचे बदलतात, त्यात अ‍ॅडव्हायझरचे कर्तृत्व काय? टार्गेट असते ते त्याच्या वरच्या कामांचे. इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसीचे डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग (गंजू नये म्हणून गाडीच्या खालच्या बाजूला लेप), आतले पॉलिश. पगार बेताचा, खरी कमाई इन्सेंटिव्हची. ‘दादा, महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाडी आणू नकोस, तेव्हा आम्ही सगळे भुकेले असतो,’ हे त्याचे शब्द. म्हणजे काउंटरपलीकडे बसलेला माणूस तुमच्या गाडीचा वैद्य नव्हे, विक्रेता आहे. त्याने गाडीखाली डोके घातलेले नसते. ज्याने घातले त्याच्याशी तुमची गाठ पडत नाही. वर्कशॉपांबद्दलच्या निम्म्या तक्रारींचे मूळ मला इथे दिसते. हे ग्राहकाचे अज्ञान नव्हे, ही त्यांची रचना आहे.

काकांचेच बिल घ्या. गाडी पेट्रोलची, वर्षभरात चार हजार किलोमीटरही धावत नाही. घर, बँक, बुधवारी खजराना गणपती, नातू आला तर रात्री सराफ्यात खायला. बिलावर इंजेक्टर क्लीनिंग. का? तर ‘सर, करवा लीजिए, पिकअप में फर्क दिखेगा.’ इंजेक्टर तुंबला तर गाडी उभ्या उभ्या (आयडलला) थरथरते, मध्येच झटके देते (मिसिंग करते), अ‍ॅव्हरेज पडतो. काकांच्या गाडीला यातले काही नव्हते. त्याखाली इंजिन फ्लश. जुन्या ऑइलमध्ये एक रसायन ओतून इंजिन थोडा वेळ चालवायचे आणि मग सगळे काढून टाकायचे, एवढेच ते काम. ऑइल वेळेवर बदललेल्या इंजिनात ते कशासाठी? आणि त्याखाली अंडरबॉडी कोटिंग. रत्नागिरीला समुद्राच्या खाऱ्या हवेत गाडी उभी राहत असेल तर मी समजू शकतो. पण माळव्याच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, झाकलेल्या पार्किंगमधल्या गाडीला दरवर्षी?

सगळेच फुकट असते असे मात्र नाही. एसीचा केबिन फिल्टर आपल्या धुळीत लवकर भरतो, तो बदला. खड्ड्यांतून गाडी फिरते, तेव्हा चाकांचे अलाइनमेंट-बॅलन्सिंग अधूनमधून करावेच लागते. ब्रेक ऑइल तर लोक उगाच टाळतात, ते टाळू नये. निवाडा करायला अ‍ॅडव्हायझर नको आणि मीही नको. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात शेवटाकडे एक तक्ता असतो: किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय तपासायचे, काय बदलायचे. कंपनीने ठरवलेले म्हणजे त्या तक्त्यातले. काकांच्या बिलावरच्या या तीन कामांपैकी तक्त्यात एकही निघाले नाही. फोनवर तक्त्याचा फोटो ठेवा आणि काउंटरवर एवढेच म्हणा, ‘इसमें जो लिखा है वही करना है, बाकी पूछकर.’ आणि हे वाक्य जॉब कार्डावर लिहून घ्या.

त्यावरून तिसरा मुद्दा, सहीचा.

सही कशावर घेतात ते जवळून पाहा. टॅब्लेटवर बोट फिरवायला सांगतात किंवा कार्डावर फुली मारून ‘यहाँ सर’ म्हणतात. मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत अटी: गाडी मालकाच्या जबाबदारीवर, अंदाजित रक्कम बदलू शकते, आतल्या सामानाला आम्ही जबाबदार नाही. तपासणीच्या यादीत वीस-पंचवीस चौकोन असतात आणि त्या सगळ्यांतून वरून खाली पेनची एकच रेघ ओढलेली असते. स्टेपनीची हवासुद्धा त्याच रेघेत ‘तपासली’ जाते. (गाडी परत मिळाली की आधी स्टेपनीच दाबून पाहा. बाकीचे चौकोन किती खरे ते कळते.)

त्या सहीने तुम्ही सांगितलेल्या कामाला संमती दिलीत, नंतर कुणी घुसडलेल्या कामाला नाही. अंदाज पाच हजारांचा आणि बिल नऊचे, तर मधल्या चार हजारांना तुम्ही कधी, कसा होकार दिलात, ते त्यांनी दाखवायचे असते. म्हणून फोनवर ‘हाँ, कर दो’ म्हणू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा मागवा आणि तिथेच हो किंवा नाही लिहा. आणि दुरुस्तीला दिलेली गाडी ही कायद्याने त्यांच्या ताब्यात सोपवलेली वस्तू असते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १५१ सांगते की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी त्यांनी घ्यायची. ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले म्हणून बंपरवरचा नवा ओरखडा आपोआप तुमचा होत नाही. गाडी देताना चारी बाजूंचे आणि मीटरचे फोटो काढले असतील, तर वाद तिथेच मिटतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने आहे. त्याच कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, केलेल्या कामाचे रास्त पैसे मिळेपर्यंत ते गाडी ठेवून घेऊ शकतात. तेव्हा गेटवर तमाशा करून गाडी काढायला जाऊ नका. पैसे ऑनलाइन भरा, बिलाच्या त्यांच्या प्रतीवर ‘अमुक कामाला माझी संमती नव्हती, आक्षेप नोंदवून रक्कम भरली’ असे लिहून सही करा, फोटो घ्या आणि त्याच संध्याकाळी तेच ई-मेलने पाठवा. आणि सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे. बिलावर २८ दिसला तर तिथेच बोट ठेवा.

जुन्या पार्टांचे उत्तर छोटे आहे. वॉरंटीत फुकट बदललेला भाग कंपनीकडे परत जातो, बरोबर. विम्याच्या क्लेममध्ये विमा कंपनीचा हिशोब असतो, तेही बरोबर. पण पैसे मोजून बदललेला ब्रेक पॅड तुमचा आहे. गाडी देतानाच ‘पुराने पार्ट डिक्की में रख देना’ असे कार्डावर लिहा. न बदललेला भाग डिक्कीत कसा ठेवणार?

शंभर-दोनशेचा सल्ला मला पटत नाही, पण त्यावर भांडणारही नाही. आयटीआय करून आलेली ती पोरे दिवसभर लिफ्टखाली घाम गाळतात. खुशीने द्यायचे तर जरूर द्या. काम चोख होते ते मात्र कार्डावर काय लिहिले आहे त्यावर. ‘आवाज येतो’ एवढेच लिहिले तर तो पोरगा काय शोधणार? ‘पुढून डावीकडे, स्पीडब्रेकर उतरताना, सकाळी गाडी गार असताना’ असे लिहा, आणि घेताना मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारा. आपल्या पीथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, आणि सर्व्हिसनंतरची टेस्ट ड्राइव्ह मात्र वॉशिंग बेपासून गेटपर्यंत.

राहिला तक्रारीचा मुद्दा. डीलर वेगळा, कंपनी वेगळी, हे कायद्याने बरेचसे खरे आहे. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच धरले की दोघांचे नाते मालक आणि त्याच्या एजंटाचे नाही, आणि डीलरच्या प्रत्येक चुकीला कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. पण यातून मेसेजवाला जो निष्कर्ष काढतो तो उफराटा आहे. सेवा डीलरने दिली, बिल डीलरचे, पैसे डीलरच्या खात्यात गेले. मग तक्रार डीलरवर. गाडीतच मूळ दोष असेल तेव्हा कंपनीलाही सोबत ओढा.

वकिलाचे भयही असेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला २० जुलै २०२० पासून. वकील सक्तीचा नाही, स्वतः बाजू मांडता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी शून्य. तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे भोपाळहून परतताना वाटेत गाडी दुरुस्त केली असली तरी इंदुरात. मुदत दोन वर्षे, अर्ज ऑनलाइन. आपली मंडळी अजून ‘उपभोक्ता फोरम’ म्हणतात, ते हेच. कायद्यात निकालासाठी साधारण तीन महिने सांगितले आहेत, प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त वेळ लागतो, ही तयारी ठेवा. म्हणून आधी डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीला एकाच ई-मेलमध्ये लिहायचे, मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करायची. पुष्कळ प्रकरणे तिथपर्यंतच मिटतात.

आणि तो फीडबॅकचा फोन. ‘सर, दस में दस दीजिएगा, नौ मतलब फेल.’ तो गुण डीलरला लागतो हे त्या फोनच्या अजिजीवरूनच कळते. काम अर्धवट असेल तर दहा द्यायचे नाहीत. पण अ‍ॅडव्हायझर पोराला झोडपायचेही नाही. काय राहिले ते एका वाक्यात सांगायचे आणि ‘ते झाल्यावर फोन करा’ म्हणायचे. वर्कशॉपने पक्के बिल दिलेच नाही, कच्च्या कागदावर आकडा लिहून रोख मागितली, तर वादाची वाटही पाहू नका. बिल न देणे हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, आणि तो कच्चा कागद आयोगापुढे तुमचा पहिला पुरावा ठरतो.