पुढच्या जन्मी मिथेन व्हा

देशात तेल-गॅसची घोडदौड चालू असताना तुम्ही बेळगावात बसून सिलिंडर हलवून किती उरलाय ते बघता, हे काही बरं नाही. अभिमान बाळगायला शिका.

१९५६ पासून सुरुवात करा. त्या ऑगस्टमध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग स्थापन झाला आणि नोव्हेंबरात आपण म्हैसूर राज्यात गेलो. आयोगाला १९७४ मध्ये समुद्राच्या तळाशी मुंबई हाय सापडलं. बेळगाव महाराष्ट्रात यावं हा आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. धीर धरा, समुद्र खोल असतो.

मग दाभोळ-बेंगळूरू गॅसवाहिनीकडून धडा घ्या. २०१३ साली ती सुरू झाली. कोकणातून निघाली, कोल्हापूर जिल्हा ओलांडला आणि बेळगाव जिल्ह्यातून थेट पुढे गेली. सीमाप्रश्नाचं आंदोलन पेटलं की लाल एसटी सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडेच थांबते. वाहिनीतला गॅस (बहुतेक मिथेनच तो) थांबत नाही. त्याला कुणी काळं फासत नाही, पाटी कुठल्या भाषेत म्हणून विचारत नाही. जमलं तर पुढच्या जन्मी मिथेन व्हा.

उसाचं बिल आलं नाही म्हणून कुरकुर करू नका. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. म्हणजे बिल कारखान्यात अडकलं तरी ऊस तुमच्याच स्कूटरच्या टाकीत पोचलेला असू शकतो, आणि त्याचे पैसेही तुम्हीच भरता. याला मूल्यवर्धन म्हणतात. बाकी कच्च्या तेलाचं म्हणाल तर ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. आपण ते शुद्ध करून त्यातलं पेट्रोल-डिझेल परत परदेशी विकतो. (पिठाच्या गिरणीवाल्याला हे लगेच कळतं.) पंपावरचा दर २०१७ च्या जूनपासून रोज बदलता येतो. तरी महिनोन् महिने आकडा हलत नाही. त्याला स्थैर्य म्हणा.

आता घरचं. गल्लीत घरगुती गॅसच्या पाईपसाठी चर खणतील तेव्हा खुर्ची टाकून बघत बसा. आमच्याकडे तो दोन पावसाळे उघडा होता. शेजारचे काका सायकलसकट आत गेले आणि वर येऊन ‘पिवळा पाईप चांगल्या जाडीचा आहे’ म्हणाले. पुढे भिंतीवर मीटर बसला, फॉर्मवर सह्या झाल्या. गॅस तेवढा यायचा आहे. आईने मात्र वाट बघितली नाही. मीटरपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली, त्यावर मिरच्या वाळत घातल्या आणि एजन्सीला फोन लावायला मला सांगितलं.